मुक्त कण आणि खरात सर

खरात सर रागावले की विद्यार्थ्यांना 'आपण' म्हणायचे. एरवी 'तुम्ही'. 'तू' म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. "आपण जरा फळ्यापाशी या," एवढं त्यांनी म्हटलं की आम्ही काय ते समजून जायचो. मारणं नाही, ओरडणं नाही. नुसते हात मागे बांधून खिडकीपाशी उभे राहायचे आणि समोरचा काहीतरी बोलेपर्यंत गप्प. ती गप्प मिनिटं फार वाईट जायची.

नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. जालन्याच्या आमच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला फिजिक्स घेतलेले आम्ही पाच जण होतो. तीन मुलं, शकुंतला जाधव आणि मी. मी जाफराबादकडची, होस्टेलवर राहायची. शकुंतला आमच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. लग्न होऊन दोन वर्षांत माहेरी परत आलेली. जालन्यातच मस्तगडला भावाचं भांड्यांचं दुकान होतं, त्याच्याकडे राहून शिकत होती. ती कमी बोलायची आणि फार हळू लिहायची. आमची दोन पानं व्हायची तेव्हा तिचं एक. पण तिने लिहिलेलं कधी खोडावं लागायचं नाही.

सर घनसावंगीकडचे. वडील मेंढरं राखायचे. सरांनी हे कधी लपवलं नाही आणि त्याचं कौतुकही करून घेतलं नाही. उंच, काटक माणूस. बारा महिने लांब बाह्यांचा शर्ट, बाह्या कधी दुमडलेल्या नाहीत. फळा पुसायला डस्टर घ्यायचे नाहीत, तळव्यानेच पुसायचे आणि तोच हात डोक्यावरून फिरवायचे. दुसरा तास संपेपर्यंत उजव्या बाजूचे केस पांढरे झालेले असायचे. वर्गात छापील मराठी बोलायचे. मनातलं काही बोलायचं असलं किंवा तोल गेला की गावाकडची बोली यायची.

गणित सुटलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा. "सुटलं. बरं. मंग म्हणजे काय?"

पहिल्याच महिन्यात मी लंबकाचा प्रयोग केला आणि गुरुत्वाचं उत्तर नेमकं पुस्तकातलं आणलं. सरांनी वही उघडली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "आपलं उत्तर फार सुंदर आलंय. प्रयोगशाळेत आलं का होस्टेलवरून आणलं?" मी मान खाली घातली. पुढचे तीन दिवस त्यांनी मला तोच लंबक मोजायला लावला. चौथ्या दिवशी उत्तर बरंच चुकलेलं आलं, तेव्हा कुठे सही केली. सहीखाली काही लिहिलं नाही. मला मात्र त्या सहीचा पुढे फार दिवस अभिमान वाटत राहिला.

असा माणूस स्वतः चुकेल, हे आमच्या मनातही आलं नव्हतं.

दिवाळीनंतर क्वांटमचा भाग सुरू झाला. पहिलाच विषय मुक्त कण. म्हणजे असा कण, ज्याच्यावर कसलंच बळ नाही. ना ओढणारं, ना ढकलणारं. त्याचं समीकरण मांडलं की उत्तर एका तरंगाचं येतं, आणि तो तरंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळीकडे सारखा पसरलेला असतो. सरांनी सांगितलं, की या तरंगाच्या उंचीचा वर्ग घेतला म्हणजे कण कुठे सापडण्याची किती शक्यता आहे ते कळतं. कण कुठेतरी असायचाच, म्हणून सगळ्या जागांच्या शक्यतांची बेरीज एक यायला हवी. ती बेरीज एक येईल अशी तरंगाची उंची काढायची. सरांनी L लांबीची एक जागा धरली आणि फळ्यावर उत्तर मांडलं, एक भागिले L चं वर्गमूळ. विद्यापीठाच्या परीक्षेत हा प्रश्न हमखास यायचा. आम्ही वहीत लाल चौकट केली.

चाचणीत सरांनी तोच प्रश्न घातला. 'अनंत रेषेवरील मुक्त कणाच्या तरंगाची उंची काढा.' आम्ही चौघांनी चौकटीतलं उत्तर लिहिलं. शकुंतलाने लिहिलं, की रेषेला शेवटच नाही आणि तरंग सगळीकडे सारखा आहे, म्हणून बेरीज अनंत होते. ती एक करायची तर उंची शून्य धरावी लागेल. उंची शून्य म्हणजे कण कुठेच नाही. म्हणून असा एकटा तरंग कुठल्याही खऱ्या कणाची अवस्था असू शकत नाही.

सरांनी तिला शून्य दिलं. खाली लाल शाईत लिहिलं, 'विचारले तेवढेच सोडवावे.'

पेपर हातात पडल्यावर ती जागेवर उभी राहिली. आमच्यापैकी कुणी त्यांच्या तासाला असं आपणहून उभं राहिलं नव्हतं.

"सर, रेषेला शेवट न्हाई म्हणलंय प्रश्नात. मंग L कुठून आला?"

"आपण बसा," सर म्हणाले.

"बसते सर. पण L कुठून आला?"

सर खिडकीपाशी गेले. हात मागे बांधले. नेहमीची ती शांतता पसरली, पण या वेळी बोलायची पाळी त्यांची होती आणि ते बोलत नव्हते. शकुंतला उभीच. शेवटी सरांनी टेबलावरची पुस्तकं उचलली आणि तास अर्धा सोडून निघून गेले.

पुढचे चार दिवस ते कॉलेजला आले नाहीत. शिपायाने सांगितलं, रजा टाकली आहे. मुलं शकुंतलावर चिडली. "प्रॅक्टिकलचे गुण त्यांच्याच हातात आहेत, ताई. तुझ्यापायी आमचं पण वाटोळं व्हईल," एकजण म्हणाला. ती म्हणाली, "मी भांडले न्हाई. मी इचारलं."

पाचव्या दिवशी सर आले. दाढी वाढलेली, डोळे ओढलेले. हजेरी घेतली नाही. फळ्यावर आमचं ते चौकटीतलं उत्तर लिहिलं आणि त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"कण L लांबीच्या पेटीपुरताच धरला असंल, तर हे बराबर आहे," ते म्हणाले. "पण आपण पेटी सांगितली न्हाई. शेवट नसलेली रेषा सांगितली. तिथं L प्रश्नात न्हाई, निसर्गात न्हाई. मी आणला. आठ वर्षं मी हेच शिकवून राह्यलो. जाधवबाई, तुमचं बराबर आहे. माझं चुकलं."

सरांनी तिचा पेपर मागून घेतला, शून्य खोडलं, दहा केले आणि बाजूला तारखेसह सही केली. मग आमचे चौघांचे पेपर घेतले आणि आमचे दहा खोडले.

त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा पहिल्यापासून शिकवला. एका तरंगाला संवेग, म्हणजे मोमेंटम, अगदी नक्की असतो, म्हणूनच त्याला जागा बिलकुल नसते. थोड्याथोड्या फरकाचे पुष्कळ तरंग एकत्र मिळवले, की बहुतेक ठिकाणी ते एकमेकांना खोडून काढतात आणि एका भागात उभारी धरतात. तो पुंजका म्हणजे कणाचा ठावठिकाणा. आणि वेळ जाईल तसा तोही पसरत जातो. एका मुलाने उत्साहाने विचारलं, "म्हणजे सर, मेंढरं रानात पांगल्यासारखं?" आम्हाला वाटलं, सरांना हे आवडेल.

"न्हाई," सर म्हणाले. "मेंढरू मला दिसत नसलं, तरी ते कुठंतरी असतंच. माझ्या बापाला ते हुडकता येतं. इथं तसं न्हाई. इथं हुडकायच्या आधी 'कुठं' या शब्दालाच अर्थ न्हाई. सोपं करायच्या नादात खोटं करू नका."

परीक्षा जवळ आली तशी आमची खरी पंचाईत झाली. प्रश्न येणार हे नक्की होतं. सर गेली दोन वर्षं विद्यापीठात पेपर तपासायला जात होते, आणि तपासनिसांना देतात त्या नमुना उत्तरांत L चंच उत्तर असतं, हे त्यांना माहीत होतं. शेवटच्या तासाला एका मुलाने विचारलंच. "सर, खरं लिहायचं का गुणाचं लिहायचं?"

"हे मी सांगणार न्हाई," सर म्हणाले. "गुण तुमचे जाणारेत. मी सांगून मोकळा कसा होऊ?"

प्रश्न आला. मी L लिहिला. बाकी तिघांनीही तेच केलं. शकुंतलाने खरं लिहिलं, अडीच पानं लिहिलं, आणि तिच्या हळू हाताने शेवटचा एक प्रश्न राहूनच गेला.

निकाल लागला. आम्ही चौघं पास. शकुंतला त्या एका विषयात चार गुणांनी नापास.

कुंभार पिंपळगावच्या एका शाळेने तिला विज्ञान शिकवायला घ्यायचं कबूल केलं होतं. शाळा उघडल्यापासून पंधरा दिवसांत पास झाल्याचं गुणपत्रक दाखवायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. इकडे सासरची माणसं तिला परत न्यायला दोनदा येऊन गेली होती. भाऊ बहिणीच्या बाजूचा होता, पण त्याचाही धीर सुटत चालला होता. तो सरांकडे आला तेव्हा मी तिथेच होते.

"सर, तिथले हेडमास्तर तुमच्याबरोबर शिकायला होते म्हणतात. एक शब्द टाका. ते थांबतील."

"माझ्या शब्दावर तो थांबंल," सर म्हणाले. "मंग ती नोकरी माझ्या शब्दाची व्हईल. जाधवबाईंच्या उत्तराची न्हाई." भावाचा चेहरा उतरला. मला सरांचा राग आला. एका बाईचं आयुष्य टांगलेलं आहे आणि हा माणूस तत्त्व घेऊन बसलाय, असं वाटलं.

पण सर बसले नव्हते. ते प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य म्हणाले, फेरतपासणीत फक्त बेरीज पाहतात, उत्तर पाहत नाहीत. आणि खालच्या आवाजात म्हणाले, "खरात, विभागप्रमुखाची जागा पुढच्या महिन्यात रिकामी होतेय. विद्यापीठाशी कशाला वाकडं घेता?" हे मला नंतर सरांनी सांगितलं नाही, ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं. सरांनी त्याच दिवशी विद्यापीठाकडे अर्ज टाकला. एकामागून एक चार अर्ज गेले. शेवटी औरंगाबादला विद्यापीठाच्या समितीपुढे बोलावणं आलं.

जायच्या आदल्या दिवशी सरांनी मला बोलावलं. "तुम्ही पण चला. एकाच वर्गात शिकलेल्या दोघी. तुम्ही चुकीचं लिहिलं, त्यांनी बराबर लिहिलं. दोन्ही पेपर शेजारी ठेवा म्हणणार मी." मग थांबून म्हणाले, "तुमचे गुण जाऊ शकतात. तुम्ही पण जेमतेम काठावर आहात. न्हाई म्हणालात तर मी परत इचारणार न्हाई."

मी हो म्हणाले. धैर्य वगैरे काही नव्हतं. नाही म्हणायला तोंड उघडेना, एवढंच.

शाळेच्या मुदतीचे तेव्हा सहा दिवस उरले होते. एस.टी.त सर, शकुंतला, तिचा भाऊ आणि मी असे चौघं. बदनापूर गेलं तरी शकुंतला मांडीवर वही ठेवून तोच हिशेब पुन्हा पुन्हा मांडत होती आणि बसच्या धक्क्यांनी अक्षरं वेडीवाकडी होत होती.

समितीत तिघे होते. मधले अध्यक्ष वयस्कर, जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी दोन्ही पेपर समोर ठेवले. माझ्या उत्तराला दहापैकी नऊ होते, शकुंतलाच्या उत्तराला शून्य. त्यांनी दोन्ही वाचले आणि सरांकडे पाहिलं.

"खरात, मागच्या वर्षी हाच प्रश्न तुम्ही स्वतः तपासलात. L लिहिणाऱ्यांना तुम्ही पूर्ण गुण दिलेत. आज म्हणता ते चूक?"

"हो सर."

"म्हणजे तेव्हा तुम्हाला येत नव्हतं?"

डावीकडचे गृहस्थ हसले.

"येत नव्हतं," सर म्हणाले.

"लिहून द्याल? नीट विचार करा. असं लिहून दिलेल्या माणसाला विद्यापीठ पुन्हा तपासायला बोलावत नसतं."

सरांनी खिशातलं पेन काढलं. टेबलावर वाकून लिहू लागले. मी जवळ होते, मला वाक्य दिसलं. 'आठ वर्षे मी हे चुकीचे शिकविले व दोन वर्षे चुकीचे तपासले. माझ्या विद्यार्थिनीने मला दुरुस्त केले.' खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही.

अध्यक्षांनी कागद वाचला आणि शकुंतलाला फळ्याकडे जायला सांगितलं. तिने तिच्या गतीने लिहायला सुरुवात केली. डावीकडचे गृहस्थ घड्याळ पाहू लागले. अध्यक्षांनी मध्येच अडवलं. "हा तरंग जर कणाची अवस्थाच नाही, तर सगळी पुस्तकं त्याच्यापासून सुरुवात का करतात?"

ती थांबली. खडू हातात तसाच. सर जमिनीकडे पाहत होते. त्यांनी तिला नजरेनेही मदत केली नाही.

"एकटा असला तर तो कुणाचीच अवस्था न्हाई सर," ती म्हणाली. "पण खऱ्या अवस्था त्याच्यापासूनच बनतात. असे पुष्कळ तरंग मिळवले की बेरीज एक करता येते. म्हणून तो लागतो. आणि कण पेटीत असंल तर यांचं पण बराबर आहे." तिने माझ्या पेपरकडे बोट केलं. "पण या प्रश्नात पेटी न्हाई."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "बसा बाई," एवढंच म्हणाले.

निर्णय लगेच दिला नाही. आम्ही परत आलो. एक दिवस गेला, दोन गेले. शकुंतला रोज सकाळी कॉलेजच्या ऑफिसबाहेर येऊन उभी राहायची आणि सर तास संपला की येऊन तिच्या शेजारी उभे राहायचे. मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारी पत्र आलं. 'प्रश्न संदिग्ध असल्याने दोन्ही उत्तरे ग्राह्य धरण्यात येत आहेत.' शकुंतला पास. माझे गुणही राहिले.

शकुंतला पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. भाऊ पेढे आणायला धावला. सरांनी मात्र ते पत्र दोनदा वाचलं. "संदिग्ध," ते म्हणाले. "प्रश्न संदिग्ध न्हाई. एक उत्तर चूक आहे." मग त्यांना आमच्याकडे पाहून काहीतरी जाणवलं असावं. पत्राची घडी घालून त्यांनी शकुंतलाला दिली. "पहाटेची गाडी पकडा. हेडमास्तरला नमस्कार सांगू नका माझा. हजर झाल्यावर सांगा."

ती हजर झाली. पुढे त्याच शाळेत कायम झाली. सासरची माणसं पुन्हा आली नाहीत.

सरांना विद्यापीठाने परत बोलावलं नाही. विभागप्रमुखाची जागा त्यांच्याहून पाच वर्षांनी धाकट्या माणसाला मिळाली, आणि शेवटच्या वर्षाचे तास काढून त्यांना अकरावीची प्रॅक्टिकल्स दिली. एकदा मी भेटायला गेले तेव्हा ते मुलींना व्हर्नियरच्या मोजपट्टीवरचं माप वाचायला शिकवत होते. मी हळहळले. ते जरा तुटकपणे म्हणाले, "व्हर्नियर पण बराबर वाचायला लागतो की."

त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं गेली. मी जाफराबादला हायस्कुलात शिकवू लागले. एका सकाळी शाळेला निघाले, तर स्टँडजवळ एका काळीपिवळी जीपमधून खरात सर उतरत होते. नुकतेच रिटायर झाले होते. खांदे उतरलेले, हातात कापडी पिशवी. मला ओळखून म्हणाले, "बरं झालं भेटलात. भगवान नावाचा एक माणूस इथं मोटारी भरतो म्हणतात. कुठं?"

भगवानचं मोटर वाइंडिंगचं, जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान सगळ्यांना माहीत होतं. चालता चालता सरांनी सांगितलं. कपाट रिकामं करताना त्यांची जुनी गुणांची वही सापडली. शकुंतलाच्या सात वर्षं आधीची. त्यात भगवानच्या नावापुढे शून्य होतं आणि सरांच्याच अक्षरात शेरा, 'अनंत अनंत लिहितो. समज कमी.'

"त्यांनी पण तेच लिहिलं असणार," सर म्हणाले. "मला आठवत न्हाई. पुढच्या महिन्यात त्यांचं नाव हजेरीतून कमी झालेलं आहे, एवढं दिसलं."

मी म्हणाले, "सर, इतकी वर्षं झाली. त्यांना आठवणारही नाही."

"मंग तसं ते सांगतील," सर म्हणाले.

दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली. भगवान पाट मांडून बसला होता. पंचेचाळिशीचा, केस विरळ झालेले. समोरच्या साच्यावर तांब्याची तार गुंडाळत होता. सर दारात उभे राहिले आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाले, "मी खरात. जालन्याच्या कॉलेजात तुम्हाला मुक्त कणाच्या उत्तराला शून्य दिलं होतं. तुमचं बराबर होतं. माझं चूक होतं. ते सांगायला आलो."

भगवानचा हात थांबला नाही. त्याने वर पाहिलं, सरांना ओळखलं, हे त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं. चेहरा मात्र दगडासारखा होता. मला वाटलं, हा आता काहीतरी बोलेल आणि ते मला ऐकवणार नाही.

"बसा," तो म्हणाला. "तारेचे येढे मोजणं चालू आहे. मधी बोललं की चुकतं."

सर कडेच्या लाकडी खोक्यावर बसले. भगवान ओठांतल्या ओठांत वेढे मोजू लागला, एकशे बारा, एकशे तेरा. माझ्या शाळेची घंटा झाली आणि मला निघावं लागलं. रस्ता ओलांडून मी मागे पाहिलं. सर पिशवी मांडीवर घेऊन, गुडघे जुळवून, अगदी स्तब्ध बसले होते. त्यांची नजर फिरणाऱ्या तारेवर होती. भगवान अजून मोजत होता.